रांगेत ३६ हजार पालक, तरी मोठी मुलं बालगृहातच का?

मी काही वर्षं दर शनिवारी एका बालगृहात मुलांना गणित शिकवायला जात असे. तिथे प्रत्येक मुलाला एक पत्र्याची पेटी होती. साधारण आठ-साडेआठ वर्षांच्या एका मुलाने आपल्या पेटीची किल्ली काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातली होती. आंघोळीलाही तो ती काढत नसे. बरेच दिवस ओळख झाल्यावर एकदा त्याने आपणहून पेटी उघडून दाखवली. शाळेचा गणवेश, दोन पेन्सिली, कुणीतरी वाढदिवसाला दिलेला प्लास्टिकचा ट्रक आणि एक लहान बांगडी. बांगडी धाकट्या बहिणीची. ती मुलींच्या बालगृहात, दुसऱ्या गावी. मुलांची आणि मुलींची बालगृहं बऱ्याचदा वेगळी असतात, त्यामुळे भावंडं अशी दोन ठिकाणी वाढतात. (या दोघांची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. कायदाही तसंच सांगतो आणि मलाही ते पटतं.)

त्याच काळात माझ्या नात्यातलं एक जोडपं दत्तक मुलासाठी नाव नोंदवून तीन वर्षं थांबलं होतं. फोन वाजला की दोघं दचकायचे. एकीकडे मूल नाही म्हणून थांबलेलं घर, दुसरीकडे घर नाही म्हणून थांबलेलं मूल, आणि दोघांची गाठ पडत नाही. हे असं का होतं, हे समजून घ्यायला मला बराच वेळ लागला. ते इथे मांडते आहे.

२०२५ च्या मध्यावर देशात ३६ हजारांहून जास्त पालक दत्तकासाठी नोंदणी करून बसले होते. कायद्याने दत्तक देता येतील अशी मुलं मात्र अडीच हजारांच्या थोडी वर होती. एका मुलामागे तेरा-चौदा घरं. २०२४-२५ या वर्षात ४,५१५ दत्तकविधानं झाली आणि बारा वर्षांतला हा सगळ्यात मोठा आकडा म्हणून बातम्याही आल्या. राज्यांमध्ये आपला महाराष्ट्र यात नेहमी पुढे असतो. तरीही त्या अडीच हजारांत वर्षानुवर्षं तिथेच राहणारी मुलं आहेत, आणि त्या यादीत ज्यांचं नावच नाही अशी मुलं त्याहून कितीतरी जास्त आहेत.

मूल 'मुक्त' होणं म्हणजे काय

बालगृहातलं प्रत्येक मूल अनाथ असतं असा आपला समज असतो. तसं नसतं. कुणाची आई आहे पण सांभाळायची ऐपत नाही, कुणाचे वडील तुरुंगात आहेत, कुणी रेल्वे स्टेशनवर हरवलेलं सापडलं, कुणाची आजी वर्षातून एकदा येते. अशा मुलाला परस्पर कुणाच्या हाती देता येत नाही आणि देता येऊही नये.

जमिनीचा व्यवहार करताना आपण आधी सातबारा बघतो. इतर हक्कात कुणाचं नाव आहे का, एखादा वारस राहिलाय का. मुलाची तुलना जमिनीशी करताना जीव अडखळतो, पण कागदाची चाल तशीच आहे. त्या मुलावर हक्क सांगणारं कुणी उरलेलं नाही याची खात्री करून तसं जाहीर करावं लागतं. त्याला 'दत्तकासाठी मुक्त' करणं म्हणतात. हे काम प्रत्येक जिल्ह्यात असलेली बाल कल्याण समिती करते. अध्यक्ष आणि चार सदस्य अशी ही समिती असते.

२०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे, टाकून दिलेलं किंवा अनाथ मूल सापडलं की त्याच्या आईवडिलांचा शोध घ्यायचा. वर्तमानपत्रात फोटो आणि जाहिरात द्यायची, पोलिसांचा अहवाल मागवायचा. मूल २ वर्षांपर्यंतचं असेल तर २ महिन्यांत आणि त्याहून मोठं असेल तर ४ महिन्यांत निर्णय व्हावा असं कायदा म्हणतो. एखादी आई स्वतः येऊन बाळ सोपवून गेली असेल तर तिला विचार बदलायला २ महिने मिळतात.

कागदावर हे सरळ आहे. अडकतं ते मोठ्या मुलांचं. त्यांचं कुणीतरी असतं, पण ते कुणीच येत नाही. किल्लीवाल्या मुलाच्या फाइलमध्ये एका चुलत्याच्या भेटीची नोंद होती. तो एकदाच आला होता, येताना बिस्किटांचा पुडा घेऊन, आणि "बघतो" म्हणून गेला. त्या एका नोंदीवर मुलाची फाइल तीन वर्षं जागची हलली नाही. नातेवाईक आहे म्हणून मुक्त करता येत नाही, आणि नातेवाईक नेत नाही म्हणून घरी पाठवता येत नाही.

या कोंडीवर अलीकडे उपाय निघाला. दत्तकाचं काम देशभर बघणारी केंद्र सरकारची संस्था आहे, तिला सगळे 'कारा' म्हणतात. तिने बालगृहातल्या मुलांचे गट ठरवताना अनाथ, टाकलेली आणि सोपवलेली यांच्या जोडीला आणखी दोन गट धरायला सुरुवात केली: ज्यांना वर्षभरात कुणीही भेटायला आलेलं नाही अशी मुलं, आणि ज्यांचे पालक सांभाळायला असमर्थ किंवा नाखूश आहेत अशी मुलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही राज्यांना सांगितलं की बालगृहांतली अशी मुलं ठरावीक काळाने शोधून काढा आणि त्यांची नोंद करा. त्यामुळे २०२४-२५ मध्ये काही हजार मुलं नव्याने नोंदीत आली. ती आधीही तिथेच राहत होती, फक्त कुणी मोजली नव्हती.

रांग नेमकी कशासाठी लागली आहे

इथे आपल्या घरातलं बोलावं लागेल. ३६ हजार पालकांची रांग आहे ती बहुतेक बाळांसाठी. शक्यतो दोन वर्षांच्या आतलं, निरोगी. मला यात कुणाला दोष द्यायचा नाही. पाळणा हलावा, पहिलं पाऊल बघावं, बारसं करावं ही इच्छा खरी असते. शिवाय "लहानपणापासून आणलं तर आपलं होतं" हे आपण पिढ्यान् पिढ्या ऐकत आलोय.

पण त्यामुळे चित्र असं होतं की एका खिडकीवर मैलभर रांग आणि शेजारच्या खिडकीवर कुणीच नाही. मुक्त झालेल्या मुलांमध्ये मोठा वाटा पाच-सहा वर्षांवरच्या मुलांचा, भावंडांच्या जोड्यांचा आणि आजारपण किंवा अपंगत्व असलेल्या मुलांचा असतो. भावंडं शक्यतो एकत्रच द्यायची असा नियम आहे आणि तो योग्यच आहे. मात्र दोन मुलं एकदम घरात आणायला लोक बिचकतात.

दत्तकाची प्रक्रिया 'कारिंग्ज' नावाच्या सरकारी वेबसाइटवरून चालते. नोंदणी करायची, समाजसेविका घरी येऊन पाहणी करते आणि अहवाल देते, मग क्रमांकाने मुलाची माहिती दाखवली जाते. माहिती दिसल्यापासून ४८ तासांत हो-नाही कळवायचं. होकार आला, भेट झाली, तर कोर्टाचा किंवा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश होईपर्यंत मूल घरी राहू शकतं. हे बहुतेकांना माहीत असतं. ज्यांना कुणी निवडलं नाही अशा मुलांची आणि विशेष गरजा असलेल्या मुलांची नावं त्याच वेबसाइटवर वेगळी दाखवली जातात, हे मात्र फारसं कुणाला माहीत नसतं. पाहणी अहवाल तयार असलेल्या पालकांना तिथे क्रमांकाची वाट बघावी लागत नाही. तीन-साडेतीन वर्षं थांबावं लागतं ते बाळांच्या खिडकीवर.

इथे कुणीच पुढे आलं नाही तर अशा मुलांना परदेशातली घरं मिळतात. अमेरिका, इटली, स्पेन इथली कुटुंबं मोठी मुलं, भावंडं, आजारी मुलं घेऊन जातात. त्या मुलांचं चांगलं होतं याचा मला आनंदच आहे. तरी सातव्या वर्षापर्यंत मराठीत भांडणारं, मराठीत पाढे म्हणणारं मूल सगळी भाषा मागे ठेवून विमानात बसतं, तेव्हा आपल्याकडे त्याला एक घर मिळू नये याचं वाईट वाटतं.

प्रतिपालकत्व: मधला रस्ता

मूल अजून मुक्त नाही, किंवा मुक्त आहे पण कुणी दत्तक घेत नाही. अशा मुलाने अठरा वर्षांचं होईपर्यंत बालगृहातच राहायचं का? याचं उत्तर म्हणून कायद्यात 'प्रतिपालकत्व' आहे. इंग्रजीतला फोस्टर केअर हा शब्द तुम्ही ऐकला असेल, तेच हे. मूल एका कुटुंबात राहतं, तिथून शाळेत जातं, त्या घरचं जेवतं. पण त्याचं कायदेशीर पालकत्व बदलत नाही. आडनाव तेच राहतं, आणि मुलाच्या भल्याचे मोठे निर्णय बाल कल्याण समितीच्या नजरेखाली होतात.

आपल्याकडे ही कल्पना नवी नाही. गावाकडचा भाचा शिक्षणासाठी मामाकडे राहायचा. मामी त्याला डबा द्यायची, आजारपणात रात्र जागायची, पण तो आपल्या आईवडिलांचाच मुलगा असायचा. प्रतिपालकत्व म्हणजे तेच मामाचं घर, फक्त मामा सरकारने पारखून निवडलेला आणि त्याच्यावर लक्ष ठेवलेलं.

बालसंगोपन योजनेशी याची गल्लत होते. महाराष्ट्रात ती योजना खूप वर्षांपासून आहे. तिचं अनुदान आता महिना २,२५० रुपये आहे आणि ते बहुतांशी विधवा आईजवळ किंवा नातेवाइकांजवळ राहणाऱ्या मुलांना मिळतं. मूल आपल्याच माणसांत राहावं म्हणून दिलेला तो हातभार आहे. प्रतिपालकत्वात मूल नात्याबाहेरच्या घरी जातं. केंद्राच्या 'मिशन वात्सल्य' या बालसंरक्षण योजनेतून त्याच्यासाठी महिना ४,००० रुपये मिळू शकतात.

२०२४ मध्ये याचे नियम बदलले आणि हा बदल मला फार मोलाचा वाटतो. आधी पाच वर्षं सांभाळल्यावरच प्रतिपालकांना ते मूल दत्तक घेता येत असे. आता मूल मुक्त असेल तर दोन वर्षांनी घेता येतं. शिवाय अविवाहित, विधवा, घटस्फोटित अशा एकेकट्या व्यक्तींनाही प्रतिपालक होता येतं. एकटी स्त्री मुलगा किंवा मुलगी दोन्ही सांभाळू शकते, एकट्या पुरुषाला फक्त मुलगा. नोव्हेंबर हा दत्तक जागृती महिना म्हणून पाळतात, आणि २०२४ चा विषयच मोठ्या मुलांना प्रतिपालकत्वातून घर मिळवून देणं हा होता. तेव्हापासून याबद्दल थोडं बोललं जाऊ लागलं.

"पण मोठं मूल घरात रुळतं का?"

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो आणि तो टाळू नये. घरी नेलेली काही मुलं बालगृहात परत येतात, हे खरं आहे. मोठ्या मुलांच्या बाबतीत ते जास्त घडतं, हेही खरं आहे. परत आलेल्या मुलाला मी एकदाच पाहिलं. तो गणिताच्या वहीत फक्त रेघा ओढत होता.

लहान रोप हलवताना नुसतं उपटून लावलं तरी बहुतेक वेळा जगतं. वाढलेलं झाड हलवायचं तर मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्यासकट उचलावं लागतं, नाहीतर जागा कितीही चांगली असली तरी ते मान टाकतं. नऊ वर्षांच्या मुलाची माती म्हणजे त्याचं नाव, त्याची भाषा, बालगृहातले मित्र, आवडती मावशी, आठवणीतली आई. नव्या घरात गेल्या गेल्या नाव बदललं, "आता जुनं सगळं विसर" म्हटलं की मूल आतून बंद होतं.

पहिले काही आठवडे मूल अतिशय शहाण्यासारखं वागतं. ताट उचलतं, न सांगता झाडू मारतं. पालक सुखावतात. मग एक दिवस ते मुद्दाम ग्लास फोडतं, खोटं बोलतं, "मला परत सोडा" म्हणतं. त्याला बघायचं असतं की हे लोक मला खरंच ठेवतात का. पोळी उशीखाली लपवून ठेवणं, पाचवीतल्या मुलाने रात्री अंथरूण ओलं करणं, जवळ घेतलं की अंग ताठ होणं, हे सगळं होऊ शकतं. बालगृहात एक मावशी वीस-पंचवीस मुलांचं करते. तिथे पोळी उरेल याची खात्री नसते, मग सवय लगेच कशी सुटेल?

म्हणून तयारी दोन्ही बाजूंची लागते. पाच वर्षांवरच्या मुलाची संमती घेतल्याशिवाय दत्तक देता येत नाही. दत्तकविधानानंतर दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी समाजसेविकेची भेट असते. या भेटीकडे तपासणी म्हणून न बघता, अडचण सांगायची जागा म्हणून बघणारी घरं सावरतात. जिल्ह्याला समुपदेशक कमी आहेत ही मोठी उणीव आहे, आणि सरकारने पैसा घालावा तर तो आधी इथे घालावा असं माझं स्पष्ट मत आहे.

"उद्या खरे आईवडील आले तर?"

दत्तकात ही भीती धरायचं कारण नाही. मूल मुक्त झालं, आदेश झाला, की ते सर्व अर्थांनी तुमचं. वारसाहक्कासकट. आणि बाल न्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या माणसाला दत्तक घेता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केलं आहे.

प्रतिपालकत्वात मात्र ही शक्यता असते आणि ती आधीच मान्य करून उतरावं लागतं. आई बरी झाली, सावरली, समितीला योग्य वाटलं, तर मूल तिच्याकडे जाईल. जाताना घरात रडारड होईल. पण ज्या वर्षांत तिला सांभाळणं शक्य नव्हतं ती वर्षं मुलाने एका घरात काढलेली असतील, पेटीला किल्ली लावून नाही.

"पैशासाठी लोक मुलं नेतील"

काही जण प्रयत्न करतील. म्हणूनच घराची पाहणी, पोलिसांकडून माहिती, मुलाची आणि कुटुंबाची आधी भेट, आणि समितीने दर महिन्याला त्या घराची तपासणी करावी असं कायद्यात लिहिलं आहे. प्रत्यक्षात माणसं कमी पडतात आणि दर महिन्याची भेट होतेच असं नाही. हा दोष आहे, आणि ही भेट व्हावी असा आग्रह आपण नागरिकांनी धरला पाहिजे. महिना ४,००० रुपयांत शाळेची वही, बूट, दूध आणि ताप आला तर डॉक्टर एवढंही पुरं होत नाही, हे घर चालवणाऱ्या कुणालाही कळेल.

खरा धोका दुसरीकडे आहे. "ओळखीच्या दवाखान्यातून मूल मिळतंय, कागदाचं नंतर बघू," असं सांगणारे लोक रांगेला कंटाळलेल्या पालकांना गाठतात. हा गुन्हा आहे, तुरुंगवासाचा. आणि ते मूल कुणाच्या तरी कुशीतून उचललेलं असू शकतं.

"बालगृहात काय वाईट आहे?"

बऱ्याच बालगृहांत माणसं जीव लावून काम करतात, मी ते पाहिलं आहे. पण अठरा वर्षं पुरी झाली की तिथून निघावं लागतं. पुढे एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षण गृहाची, म्हणजे बालगृहातून बाहेर पडलेल्या तरुणांसाठीच्या वसतिगृहाची सोय आहे, जागा मिळाली तर. महाराष्ट्राने २०१८ मध्ये अनाथांना शिक्षणात आणि नोकरीत १ टक्का आरक्षण दिलं, त्याचा उपयोगही होतो. तरी दिवाळीच्या सुटीत होस्टेल रिकामं होतं तेव्हा कुठे जायचं, याचं उत्तर आरक्षणात नसतं.

"आमचं आता वय झालं"

तान्ह्या बाळासाठी वयाची अट कडक आहे: २ वर्षांपर्यंतच्या मुलासाठी नवरा-बायकोच्या वयाची बेरीज ८५ च्या आत हवी. मूल ८ वर्षांवरचं असेल तर हीच बेरीज ११० पर्यंत चालते, आणि एकट्या व्यक्तीला ५५ पर्यंत. म्हणजे पन्नाशी ओलांडलेली, मुलं शिकून बाहेर पडलेली घरं यात बसतात. दहा वर्षांच्या मुलाला तसंही पाळणा लागत नाही. त्याला संध्याकाळी शाळेतून आल्यावर "आज काय झालं?" असं विचारणारं कुणीतरी लागतं.

सुरुवात करायची तर जिल्ह्याच्या ठिकाणी महिला व बालविकास विभागाचा जिल्हा बाल संरक्षण कक्ष असतो, तिथे जावं. प्रतिपालकत्वाची माहिती द्या म्हणावं, आणि दत्तकाच्या नोंदणीत मोठं मूल आणि भावंडं हा पर्याय कसा भरायचा ते विचारावं. पहिल्या खेपेला नीट उत्तर मिळालं नाही तर पुन्हा जावं.

किल्लीवाल्या मुलाच्या फाइलमधल्या चुलत्याने शेवटी लेखी दिलं की तो सांभाळू शकत नाही. एका चोपन्न आणि एक्कावन्न वर्षांच्या जोडप्याने दोन्ही भावंडांना प्रतिपालक म्हणून घरी नेलं. दोन वर्षं पुरी व्हायला अजून काही महिने आहेत, तेव्हा दत्तकाचा अर्ज करायचा विचार आहे. मुलगा त्यांना काका-काकू म्हणतो, मुलगी कधी काकू म्हणते, कधी आई. काकूंनी अजून कशालाच हरकत घेतलेली नाही. पत्र्याची पेटी पलंगाखाली आहे. बांगडी बहिणीच्या हाताला आता बसत नाही, तरी ती त्यातच ठेवलेली आहे, आणि किल्ली दाराजवळच्या खिळ्याला, काकांच्या स्कूटरच्या किल्लीशेजारी लटकते.